संगणक मंदावला की आधी काय पाहावे: पार्श्वभूमीतील प्रक्रिया आणि प्रोसेसरचा वापर समजून घेण्यासाठी मार्गदर्शन

घरचा संगणक मंदावला आणि पंखा घोंगावू लागला की कोणीतरी टास्क मॅनेजर (चालू कामांची यादी दाखवणारे विंडोजचे साधन) उघडून पाहायला सांगतो. उघडल्यावर दीड-दोनशे अनोळखी नावांची यादी समोर येते आणि नवखा माणूस एकतर घाबरून ती खिडकी बंद करतो, नाहीतर ओळखीचे न वाटणारे सगळे बंद करत सुटतो. हा लेख अशा वाचकासाठी आहे. डोळ्यांसमोर विंडोज ११ ठेवले असले तरी विंडोज १० वरही बहुतेक पायऱ्या याच आहेत. मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्यांसाठी शेवटी थोडे लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. प्रक्रिया म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम किंवा त्याचा एखादा भाग, आणि अशा प्रक्रियांच्या संख्येवरून जवळपास काहीच कळत नाही. दोनशे प्रक्रियांपैकी एकशे नव्वद बहुतेक वेळ नुसत्या वाट पाहत असतात आणि तेवढ्या वेळात त्यांचा प्रोसेसरवर (सूचना पार पाडणारी मुख्य चिप, म्हणजेच सीपीयू) भार शून्य असतो. विचारायचे प्रश्न तीनच आहेत: प्रोसेसर कोण घेत आहे, किती वेळ घेत आहे, आणि ते काम तुम्हाला हवे आहे का?

हाताशी काय हवे

- ॲडमिनिस्ट्रेटर हक्क असलेले खाते आणि त्याचा पासवर्ड. घरातील संगणकावर हे खाते बऱ्याचदा वडील किंवा थोरल्या भावंडाच्या नावाने असते. पासवर्ड आधी विचारून ठेवावा.
- महत्त्वाच्या फाइलींची प्रत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर.
- लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला. बॅटरीवर चालताना बरेच लॅपटॉप प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, त्यामुळे निरीक्षण फसते.
- वही आणि पेन. प्रत्येक बदल वेळेसह लिहून ठेवल्यास तो उलटवता येतो.
- इंटरनेट जोडणी आणि सलग तासभर निवांत वेळ.

१. आधी 'रीस्टार्ट' करा, 'शट डाउन' नव्हे

रोज रात्री संगणक बंद करत असल्यामुळे तो रोज ताजा सुरू होतो असे अनेकांना वाटते. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुतेक संगणकांवर मुळातच चालू असते. तिच्यामुळे 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर सीपीयूच्या आलेखाखाली 'अप टाइम' दिलेला असतो. रोज बंद होणाऱ्या संगणकावर तिथे दहा-बारा दिवसांचा आकडा दिसला, तर त्याचे कारण हेच आहे. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. अडकलेल्या ड्रायव्हरच्या (एखादे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) किंवा अर्धवट राहिलेल्या अपडेटच्या तक्रारी पुष्कळदा एवढ्यानेच संपतात, म्हणून पुढे जाण्याआधी ते करून घ्यावे.

२. टास्क मॅनेजर उघडा आणि काही मिनिटे हात लावू नका

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर थेट उघडतो. 'प्रोसेसेस' पानावर सीपीयू या स्तंभाच्या शीर्षकावर क्लिक केल्यास सर्वाधिक वापर करणारी प्रक्रिया वर येते. यादी सतत हलत असल्याने वाचणे जड जाते. अशा वेळी कंट्रोल कळ दाबून धरली की आकडे जागच्या जागी थांबतात. ही युक्ती फार थोड्यांना ठाऊक असते.

पहिल्या काही सेकंदांतील आकड्यांवर भरवसा ठेवू नये, कारण टास्क मॅनेजर स्वतःही उघडताना प्रोसेसर वापरतो. संगणक सुरू केल्यापासून किमान दहा मिनिटे जाऊ द्यावीत. त्या काळात अँटिव्हायरस, अपडेट, फाइलींची अनुक्रमणिका आणि क्लाउडवरील फोल्डर हे सगळे आपापली कामे उरकत असतात. एरवी विंडोज ही देखभालीची कामे संगणक मोकळा असताना करते; तिच्या स्वयंचलित देखभालीची ठरीव वेळ रात्री दोनची आहे. रात्री दोन वाजता घरचा संगणक बंद असतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, उघडल्या जाणाऱ्या संगणकावर आठवडाभराची तुंबलेली कामे एकदम सुरू होतात आणि नेमके तेव्हाच घरातल्या माणसाला वीज बिल भरायचे असते. अशा संगणकात दोष काहीच नसतो. त्याला तासभर चालू ठेवून मोकळे सोडले की तो निवळतो.

३. टक्क्यांचा अर्थ लावायला शिका

'परफॉर्मन्स' पानावर सीपीयूच्या आलेखाशेजारी 'कोअर्स' (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणक) आणि 'लॉजिकल प्रोसेसर्स' (ज्यांवर विंडोज कामे वाटते ते भाग) असे दोन आकडे असतात. समजा, ते अनुक्रमे ४ आणि ८ आहेत. टास्क मॅनेजर आठही लॉजिकल प्रोसेसर मिळून शंभर टक्के धरतो. जुन्या घडणीचा एखादा हिशेबाचा प्रोग्रॅम एका वेळी एकाच लॉजिकल प्रोसेसरवर काम करू शकत असेल, तर तो पूर्ण ताकदीने चालत असतानाही एकूण वापर साधारण १२ ते १३ टक्केच दिसेल. 'प्रोसेसर तर रिकामा आहे, मग हा अडकला का?' या प्रश्नाचे उत्तर इथे असते. चार शेगड्यांपैकी एकीवरच डाळ चढवली असेल, तर बाकीच्या तीन मोकळ्या आहेत म्हणून ती लवकर शिजत नाही. आलेखावर उजवे क्लिक करून 'चेंज ग्राफ टू' मधून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडल्यास प्रत्येकाचा आलेख वेगळा दिसतो.

शंभर टक्के हा आकडाही मुळात आजार नाही. तुम्ही लग्नाच्या चित्रफितीचे संपादन करून ती साठवत असाल किंवा मोठे फोल्डर झिप करत असाल, तर प्रोसेसर पूर्ण वापरला जाणे हेच योग्य आहे, कारण तो अर्धा वापरला गेला तर काम दुप्पट वेळ चालेल. चिंता करायची ती तुम्ही काहीही करत नसताना, सुरुवातीची धावपळ संपल्यावरही, वापर खाली येत नसेल तेव्हा. मोकळा बसलेला संगणक काही वेळाने एक आकडी टक्क्यांवर यायला हवा.

'डिटेल्स' पानावर गेलात तर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' या नावापुढे ९५ किंवा ९८ असा आकडा दिसेल. नवख्यांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. ही प्रक्रिया प्रोसेसर खात नाही. प्रोसेसरचा किती वेळ रिकामा गेला हे ती दाखवते. ९८ म्हणजे संगणक जवळजवळ पूर्ण मोकळा आहे. तो आकडा जितका मोठा तितके चांगले.

४. वारंवार दिसणारी नावे ओळखा

सर्व्हिस होस्ट: हे नाव यादीत पन्नास-साठ वेळा दिसते आणि विषाणूनेच इतक्या प्रती केल्या असाव्यात अशी शंका येते. प्रत्यक्षात विंडोजच्या निरनिराळ्या सेवा याच एका नावाखाली चालतात. पूर्वी अनेक सेवा एका होस्टमध्ये एकत्र कोंबलेल्या असत. २०१७ मधील विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून, साडेतीन जीबीहून अधिक रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती मेमरी) असलेल्या संगणकांवर, बहुतेक सेवांना स्वतंत्र होस्ट दिला जातो. त्यामुळे एक सेवा कोसळली तरी बाकीच्या टिकतात आणि प्रोसेसर नेमकी कोणती सेवा घेत आहे हेही कळते. शेजारच्या बाणावर क्लिक केल्यास आतल्या सेवेचे नाव दिसते.

अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल: हा विंडोजबरोबरच येणारा अँटिव्हायरस, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर (पूर्वीचे नाव विंडोज डिफेंडर) होय. ठरावीक वेळी होणाऱ्या तपासणीसाठी त्याच्या प्रोसेसर वापराची मर्यादा मुळात सरासरी ५० टक्के ठेवलेली असते, म्हणून तपासणी चालू असताना तो मोठा दिसणारच. तो कायमचा बंद करण्याचे उपाय सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांच्या नादी लागू नये. तुम्ही दुसरा अँटिव्हायरस विकत घेतला असेल, तर एका वेळी एकच ठेवा. नव्या लॅपटॉपबरोबर आलेला चाचणी-मुदतीचा अँटिव्हायरस मुदत संपल्यावरही मागे रेंगाळतो आणि प्रत्येक फाइल उघडताना दोन पहारेकरी तिला थांबवू लागतात. वापरायचा नसेल तो रीतसर अनइन्स्टॉल करावा.

विंडोज मॉड्युल्स इन्स्टॉलर वर्कर: अपडेट बसवण्याचे काम करतो. मध्येच बंद केल्यास अपडेट अर्धवट राहण्याचा धोका असतो. त्याला वेळ द्यावा.

सर्च इंडेक्सर: फाइली पटकन सापडाव्यात म्हणून त्यांची अनुक्रमणिका बनवतो. फोनमधले हजारो फोटो नुकतेच उतरवले असतील, तर तो काही तास व्यग्र राहणे स्वाभाविक आहे.

सिस्टिम इंटरप्ट्स: ही खरी प्रक्रिया नसून हार्डवेअरकडून येणाऱ्या हाकांवर प्रोसेसरचा किती वेळ जातो याची नोंद आहे. एरवी ती एक टक्क्याच्या आतबाहेर असते. ती सतत पाच-दहा टक्क्यांवर राहिली, तर एखादा ड्रायव्हर किंवा यूएसबीला जोडलेले उपकरण बिघडले असण्याची शक्यता असते. जोडलेली उपकरणे एकेक काढून आकडा उतरतो का ते पाहावे.

सीटीएफ लोडर: मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. निरनिराळ्या भाषांचे कीबोर्ड आणि भाषापट्टी यांची व्यवस्था ही प्रक्रिया पाहते. नाव परके वाटते म्हणून लोक ती बंद करतात आणि मग इंग्रजीवरून मराठीवर जाताना अडचण का येते याचा शोध घेत बसतात. तिचा प्रोसेसरवरील भार नगण्य असतो, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नये.

विनइनिट, सीएसआरएसएस, एलसॅस, विनलॉगऑन आणि 'सर्व्हिसेस' या नावांना तर हातही लावू नका. यांपैकी काही बंद केल्यास संगणक निळ्या पडद्यावर जातो किंवा थेट पुन्हा सुरू होतो आणि न साठवलेले काम गमावले जाते. अशी प्रक्रिया बंद करण्याआधी विंडोज इशारा देते. तो इशारा दिसला की 'कॅन्सल' करावे. टास्कबार किंवा डेस्कटॉप गोठला असेल, तर मात्र 'विंडोज एक्सप्लोरर' वर उजवे क्लिक करून 'रीस्टार्ट' निवडणे निर्धोक आहे.

५. खोळंबा प्रोसेसरमुळेच आहे ना, हे पाहा

माझ्या मते घरगुती संगणकांच्या बाबतीत सर्वांत उपयोगी पायरी हीच आहे आणि तीच सर्वाधिक वगळली जाते. सीपीयू १५ टक्के आणि डिस्क १०० टक्के असे चित्र दिसले, तर प्रोसेसर डिस्कची वाट पाहत बसलेला आहे. फिरती तबकडी असलेल्या जुन्या हार्ड डिस्कवर, विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना, सेकंदाला एक-दोन एमबी एवढ्याच गतीलाही डिस्क शंभर टक्के व्यग्र होते. अशा संगणकावर तुम्ही कितीही प्रक्रिया बंद केल्यात तरी फरक तात्पुरताच पडेल. खरा उपाय म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणे.

'मेमरी' स्तंभ सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर तिसरेच कारण समोर येते. रॅम अपुरी पडली की विंडोज काही मजकूर डिस्कवर हलवते आणि गरज लागेल तसा परत आणते. या ये-जा करण्यात सगळे रखडते. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम ही अधिकृत किमान अट आहे, पण ब्राउझर, व्हिडिओ कॉल आणि एखादी मोठी पीडीएफ एकत्र उघडायची असेल तर ८ जीबीखाली समाधान मिळत नाही. दुकानात जाण्यापूर्वी डिस्क आणि मेमरीचे हे दोन आकडे लिहून न्यावेत, नाहीतर 'फॉरमॅट मारून देतो' या उत्तरावर पैसे खर्च होतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच रडगाणे सुरू होते.

६. ब्राउझरचा हिशेब वेगळा करा

क्रोम किंवा एजच्या नावाखाली वीस-तीस प्रक्रिया दिसणे नेहमीचे आहे. २०१८ पासून संगणकावरील क्रोम सुरक्षिततेसाठी निरनिराळ्या संकेतस्थळांना निरनिराळ्या प्रक्रियांत ठेवतो आणि प्रत्येक एक्स्टेन्शनचीही (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचीही) भर पडते. टास्क मॅनेजरमधून यांतली एखादी आंधळेपणाने बंद केल्यास अर्धवट भरलेला ऑनलाइन अर्ज नाहीसा होऊ शकतो. त्याऐवजी ब्राउझर उघडा असताना शिफ्ट आणि एस्केप दाबावे. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किंवा कोणते एक्स्टेन्शन प्रोसेसर खात आहे ते नावानिशी दिसते.

ब्राउझर बंद केल्यावरही त्याच्या प्रक्रिया उरत असतील, तर सेटिंग्जमधील 'सिस्टिम' विभागात जाऊन बंद झाल्यानंतरही पार्श्वभूमीत ॲप चालू ठेवण्याचा पर्याय काढून टाकावा. एजमध्ये याशिवाय 'स्टार्टअप बूस्ट' हा पर्यायही पाहावा.

७. आपोआप सुरू होणाऱ्या ॲपना आवर घाला

टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स' पानावर प्रत्येकापुढे 'हाय', 'मीडियम' किंवा 'लो' अशी नोंद असते. सुरू होताना एक सेकंदाहून अधिक प्रोसेसर वेळ किंवा ३ एमबीहून अधिक डिस्क वाचन-लेखन करणाऱ्या ॲपला 'हाय' म्हटले जाते. ही अट फार सैल आहे. नुसते 'हाय' दिसले म्हणून ते ॲप वाईट ठरत नाही. संगणक उघडताक्षणी या ॲपची मला गरज आहे का, एवढेच विचारावे. बैठकांची ॲप, खेळांचे लाँचर, संगीताची ॲप, प्रिंटर कंपनीचे जाहिरातवजा साहाय्यक यांवर उजवे क्लिक करून 'डिसेबल' करावे. ॲप काढून टाकले जात नाही. तुम्ही उघडाल तेव्हा ते चालतेच. टचपॅड, आवाज आणि अँटिव्हायरस यांच्या नोंदी मात्र तशाच ठेवाव्यात. क्लाउडवर फाइली साठवणारे ॲप बंद केल्यास नव्या फाइलींची प्रत वर जाणे थांबते, हेही ध्यानात असू द्यावे.

एका वेळी दोन-तीनच बदल करा, रीस्टार्ट करा, मग पुढचे. दहा गोष्टी एकदम बंद करून काहीतरी बिघडले, तर कशामुळे बिघडले हे शोधणे अवघड होते.

८. संशयास्पद प्रक्रियेची तपासणी

सतत प्रोसेसर घेणारी अनोळखी प्रक्रिया सापडली, तर तिला लगेच बंद करण्याआधी तिच्यावर उजवे क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. सर्व्हिस होस्टसारख्या विंडोजच्या फाइली सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरात, सिस्टिम३२ मध्ये असतात. ३२-बिट प्रोग्रॅमांसाठीची प्रत त्याच्याच शेजारच्या सिसवॉव६४ मध्ये असते. तेच नाव धारण केलेली फाइल 'टेम्प', 'डाउनलोड्स' किंवा 'ॲपडेटा' मध्ये सापडली, तर ती तोतया असण्याची दाट शक्यता आहे. मग 'प्रॉपर्टीज' मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' (फाइल कोणत्या कंपनीची आहे हे सांगणारी सही) पाहावे. इथे एक सावधगिरी हवी: ॲपडेटामध्ये असणारी प्रत्येक गोष्ट वाईट नसते, अनेक नामांकित ॲप तिथेच बसतात, संशय विंडोजच्या नावाने तिथे बसणाऱ्यावर घ्यायचा.

घरगुती संगणकावर प्रोसेसर गुपचूप खाणाऱ्यांत दुसऱ्याच्या खिशासाठी आभासी चलन खणणारे प्रोग्रॅम अग्रभागी असतात आणि ते बहुधा विकतचे सॉफ्टवेअर फुकटात चालवून देणाऱ्या 'क्रॅक' किंवा 'ॲक्टिव्हेटर' बरोबर घरात येतात. यांतील काही इतके बेरकी असतात की टास्क मॅनेजर उघडताच थांबतात. तो उघडल्याबरोबर घोंगावणारा पंखा दर वेळी शांत होत असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. मात्र मोकळ्या वेळात चालणारी विंडोजची देखभालही माऊस हलताच थांबते, त्यामुळे केवळ एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

संशय असल्यास 'विंडोज सिक्युरिटी' मध्ये जाऊन 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवावा. तो विंडोज सुरू होण्याआधी तपासणी करतो, म्हणून लपलेल्या प्रोग्रॅमला बचावाची संधी कमी मिळते. सुमारे पंधरा मिनिटे लागतात आणि संगणक पुन्हा सुरू होतो, म्हणून आधी सगळे काम साठवून घ्यावे. अधिक खोलात जायचे असेल, तर सिसइंटर्नल्स या साधनसंचातला, प्रक्रियांचा अधिक तपशील दाखवणारा 'प्रोसेस एक्सप्लोरर' मोफत मिळतो. ही साधने मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी सुरू केली आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. म्हणून ती मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरूनच उतरवावीत. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून सफाईची साधने मोफत देते.

याच्याशी जोडलेला एक सापळा फोनवरून येतो. 'तुमच्या संगणकात विषाणू आहे' असे सांगून समोरची व्यक्ती दूरनियंत्रणाचे ॲप बसवायला लावते आणि टास्क मॅनेजरमधील किंवा इव्हेंट व्ह्यूअरमधील (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीतील) साध्या नोंदी दाखवून घाबरवते. मायक्रोसॉफ्ट असे न विचारता फोन करत नाही. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. घरातील ज्येष्ठांना हे आवर्जून सांगावे, कारण या फोनचे लक्ष्य बहुतेकदा तेच असतात.

'रॅम बूस्टर' किंवा 'पीसी क्लीनर' म्हणून मिळणारे प्रोग्रॅमही टाळावेत. पार्श्वभूमीतील भार कमी करण्याचे आश्वासन देत ते स्वतःच पार्श्वभूमीत ठाण मांडतात.

९. उष्णता

प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो; बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांसाठी ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वापर शंभर टक्के, पण 'परफॉर्मन्स' पानावरील 'स्पीड' हा 'बेस स्पीड' (प्रोसेसरचा ठरलेला मूळ वेग) पेक्षाही खाली, असे चार्जर लावूनही दिसत असेल तर उष्णतेकडे पाहावे. विदर्भात मे महिन्यात बाहेरचा पाराच ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा धुळीने बुजलेल्या जाळीचा लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला, तर त्याला दम लागणारच. तो टेबलावर ठेवावा आणि वर्षातून एकदा आतली धूळ साफ करून घ्यावी.

१०. मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्यांसाठी

मॅकवर 'युटिलिटीज' फोल्डरातील 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर' हेच काम करतो. फरक एवढाच की तिथे प्रत्येक कोअरचे शंभर टक्के धरले जातात, म्हणून एका प्रक्रियेपुढे २५० टक्के दिसले तरी दचकू नये. 'कर्नल टास्क' या प्रणालीच्या गाभ्याच्या प्रक्रियेचा आकडा फुगलेला दिसला, तर बहुधा संगणक तापलेला असतो आणि प्रोसेसरला विश्रांती मिळावी म्हणून ती प्रक्रिया वेळ अडवून धरत असते.

लिनक्सवर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'टॉप' ही आज्ञा दिली की वरच्या ओळीत सरासरी भाराचे तीन आकडे दिसतात: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. त्यांची तुलना लॉजिकल प्रोसेसरांच्या संख्येशी करावी. आठ असताना ३ हा भार किरकोळ आहे, दोनच असताना तो जास्त आहे. या आकड्यांत डिस्कची वाट पाहणाऱ्या प्रक्रियाही धरलेल्या असतात, त्यामुळे भार मोठा आणि प्रोसेसर रिकामा असे दिसल्यास पाचव्या पायरीत सांगितल्याप्रमाणे डिस्क तपासावी.